तुडवलेलं मीठ

सुनेला या घरात येऊन दोन उन्हाळे झाले होते, तरी सासरा अजून तिला 'गोड्या पाण्याची' म्हणायचा. तिचं माहेर आत, डोंगराच्या पायथ्याला. तिथे मीठ दुकानातून पुडीत यायचं आणि चुलीशेजारच्या बरणीत बसायचं. इथे ते जमिनीवर उगवायचं. पहिल्या उन्हाळ्यात तिने विचारलं होतं, "पेरता कधी?" बांधावरची सगळी माणसं हसली होती. सासरा सगळ्यात शेवटी हसला आणि सगळ्यात जास्त वेळ हसला.

आता तिला ठाऊक होतं. भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घ्यायचं, म्हणजे गाळ खाली बसतो. मग ते एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडत न्यायचं. ऊन आणि वारा मिळून पाणी नेतात, खार मागे ठेवतात. शेवटच्या वाफ्यात पोचेपर्यंत पाणी तेलासारखं जड होतं, बोटाला चिकटतं. आणि एका सकाळी त्याच्यावर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा दिसतो. वाऱ्याने तो थरथरतो, मोडतो, तळाशी जातो. तेच मीठ.

खरी मेख तळात होती. पाऊस संपला की वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून घट्ट करावा लागे. टाच, चवडा, टाच, चवडा, एकामागून एक माणूस, पावलाला पाऊल लावून. तळ जरा सैल राहिला की मिठात माती चढली. सासऱ्याचे पाय या कामात साऱ्या किनाऱ्यावर नावाजलेले. त्याने तुडवलेल्या तळावर आरसा ठेवला तर आरसा लाजेल, असं शेजारची काकू म्हणायची. त्याच पायांनी त्याने आणखी एक काम केलं होतं. त्याबद्दल मात्र त्याच्यादेखत कुणी बोलत नसे.

मुकादम आला तेव्हा ही तिघं, म्हणजे सून, नवरा आणि सासरा, भरतीने खचलेला बांध लिंपत होती. मुकादम डोक्यावरचा रुमाल काढून मान पुसत उभा राहिला. आजूबाजूच्या मिठाच्या आगरांवरची माणसंही हळूहळू जमली.

"योजना आलीय," मुकादम म्हणाला.

"कुणाकडे?" सासऱ्याने फावडं न थांबवता विचारलं.

"पाहुणी नव्हे, आबा. सरकारची योजना. पाच वर्षांची."

"पाच वर्षांची झाली आणि आत्ता आली? इतके दिवस कुठे होती?"

लोक हसले. मुकादमही हसला, मग सरकारी गोष्ट सांगताना करायचा तसा चेहरा त्याने केला. "ऐका. नवं सरकार मीठ वाढवणार आहे. पण सगळीकडे नाही. जिथे चांगलं होतं तिथे पंप बसणार, पक्के पाट होणार. जिथे होत नाही तिथली आगरं बंद. ती जमीन बंदराला जाणार, कोळसा टाकायला."

"आणि आगरवाले?"

"खडी फोडायला. बंदराला खडी लागते ना."

लांब तळ्याच्या काठाला एक बगळा एका पायावर उभा होता. त्याचं सरकारशी काही देणंघेणं नव्हतं.

"ठरवणार कोण?" नवऱ्याने विचारलं.

"साहेब येतोय. परवा सगळ्यांनी शेवटचे वाफे रिकामे करायचे. त्यानंतर मीठ ओढायचं नाही. पाणी देत राहायचं आणि थर वाढू द्यायचा, आहे तसा. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो येऊन प्रत्येक वाफ्यातला थर मोजेल. त्यावरून आपला किनारा राहणार की त्या खाडीपलीकडचा, ते ठरेल."

"दाखवायचं किती?" काकूने विचारलं.

"म्हणजे काय? खरं असेल तेवढं."

"हो, पण खरं म्हणजे थोडं कमी ना?"

यावर मात्र कुणी हसलं नाही. प्रश्न सगळ्यांचाच होता.

रात्रीचं जेवण त्यांच्याकडे उजेडीच उरकायचं. खोपटाच्या दारात सासरा पाय लांब करून बसला होता. त्याच्या टाचांच्या भेगांत मीठ बसून पांढऱ्या रेघा झाल्या होत्या. सुनेने भाकरी वाढली आणि बोलायचं ते बोलून टाकलं.

"आबा, आपण काही लपवायचं नाही. या खेपेला जास्त असेल त्याचं राहणार आहे."

"कोण म्हणतं?"

"मुकादमच म्हणाला की."

"मुकादम आधीच्या सरकारच्या वेळीही मुकादमच होता." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "बाळ, तुमच्याकडे दूध जास्त दिलं तर गाईला काय मिळतं?"

"पेंड मिळते."

"आमच्याकडे मोठी बादली मिळायची. एका वर्षी जास्त पिकलं की पुढच्या वर्षी तोच आकडा. आकड्यापेक्षा कमी निघालं तर तुम्ही विकून खाल्लं. एक टोपली जास्त निघाली तर तुम्ही विकून खाणार होता. जास्तीचं सगळं चिखलात तुडवायचं, त्यांच्या शिपायांच्या डोळ्यांदेखत. त्याचाही मजुरीचा रोज द्यायचे."

"तुडवायचा रोज?"

"मीठ करायचा वेगळा, तुडवायचा वेगळा. तुडवायचा जास्त होता."

नवरा खाली बघून जेवत होता. तो म्हणाला, "आबा, ते गेले आता. आपलं सरकार आहे."

"आहे ना. मी कुठे नाही म्हणतो? शेजारी बदलला म्हणून कुणी दाराची कडी काढतं का?"

"मग खडी फोडायची?" सून म्हणाली. आवाज चढवला नाही. पण तिने पातेलं जरा जोरात ठेवलं आणि ते सगळ्यांना ऐकू आलं.

सासऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्याचा डावा डोळा कायम लाल असे, आणि पाहताना तो मान उजवीकडून वळवत असे. "बरं," तो म्हणाला. "या खेपेचा वाफा तुझा. तू पाणी दे, तू राख. मी बोट लावणार नाही."

"आणि पाय?"

तो हसला. "पायही नाही गं, गोड्या पाण्याचे."

दुसऱ्या दिवशी तळाला साचलेलं कडू पाणी सोडून देताना तिने नवऱ्याला आबांच्या लाल डोळ्याचं विचारलं. हे कडू पाणी वेळेवर काढलं नाही तर मीठ ओलसर राहतं आणि जिभेला कडवट लागतं. तिला ते त्यानेच शिकवलं होतं.

"मी लहान होतो," नवरा म्हणाला. "पहाऱ्याचा शिपाई बांधावरून काठी आपटत यायचा. काठी दिसली की जास्तीचं तुडवायला लागायचं, हा नेम. एकदा आबांनी उशीर केला. पाणी पीत होते, एवढंच. त्याने ओल्या मिठाची टोपली त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि उन्हात उभं केलं. मीठ पाझरून डोळ्यांत उतरत होतं. पुसायला हात वर केला की काठी."

"कधीपर्यंत?"

"टोपली हलकी होईपर्यंत."

नवऱ्याने वाफ्याच्या तोंडाची फळी खाली सारली. पाण्याचा आवाज थांबला.

ते दिवस तिला विचित्र गेले. एरवी दोन दिवसांआड लाकडी फावड्याने मीठ ओढून काठाला ढीग लावायचा, म्हणजे खांद्यांना काम असायचं. आता फक्त बघायचं होतं. सकाळी वरच्या वाफ्यातलं जड पाणी बोटभर आत घ्यायचं, त्याहून जास्त नाही. पाणी एकदम आलं तर झालेला थर विरघळतो. फळी किती उचलायची याचा तिच्या मनगटाला अंदाज बसला. दुपारी वारा पडला की पाणी आरशासारखं स्थिर व्हायचं आणि त्याखाली चौकोनी कण एकमेकांना धरून बसलेले दिसायचे. तळहातांवरचे फोड फुटून तिथे खार झोंबत होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. शेवटी शेवटी तर तिने थरात काडी खोचून पाहिली. काडी उभी राहिली.

"राहील आपलं आगर," ती नवऱ्याला म्हणाली.

"एकट्या आपल्या वाफ्याने काय होतंय?"

ते खरं होतं. संध्याकाळी काकू टोपली पदराखाली धरून खाडीकडे जाताना दिसली.

"काय नेताय, काकू?"

"राख गं."

"पांढरी राख?"

"आमच्या घरचं सगळंच पांढरं असतं," काकू म्हणाली आणि चालती झाली. तिच्या पाठोपाठ पलीकडच्या आगरावरचा म्हातारा निघाला, त्याच्याकडेही राखच होती. प्रत्येकजण आपापल्या हिशेबाने थोडं थोडं कमी करत होता. फार कमी नाही. साहेबाला संशय येऊ नये इतपतच.

सासरा मात्र बोलला तसा वागला. तो वाफ्याच्या काठाला बसून राहायचा, पाय वर घेऊन, हातांची मिठी गुडघ्यांभोवती घालून. एकदा तिने त्याला थराकडे वाकून पाहताना पाहिलं. "चांगलं आलंय," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला, पण म्हणाला.

बाजाराच्या दिवशी नवरा आणि मुकादम साहेबाला आणायला पक्क्या सडकेवर गेले. साहेब दुपारी येणार असं ठरलं होतं. घरात पिण्याचं पाणी संपलं होतं आणि साहेबाला पाणी तरी विचारायला हवं. विहीर लांब, उंचवट्यापलीकडे. ती कळशी घेऊन उठली.

"आबा, लक्ष असू द्या. कुत्री शिरतात वाफ्यात."

"जा तू. मी आहे."

परतताना उंचवट्यावर आली आणि तिला सगळी आगरं एकदम दिसली, खिडकीच्या तावदानांसारखी, बांधांच्या चौकटींत. त्यांच्या वाफ्यात सासरा उभा होता. त्याचे गुडघे वर येत होते, खाली जात होते. टाच, चवडा, टाच, चवडा. क्षणभर तिला वाटलं, म्हातारा तळ घट्ट करतोय. मग लक्षात आलं की हे दिवस तळ तुडवायचे नव्हेत.

तिने बांधाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. साहेबाची गाडी सडकेवर थांबलीच नव्हती. ती जुन्या पहाऱ्याच्या रस्त्याने, खाडीच्या अंगाने आली होती. गाडीपुढे खाकी कपड्यांतला एक शिपाई चालत होता आणि बांध गाडीचं वजन पेलेल का हे बघायला काठी आपटत येत होता.

भरली कळशी डोक्यावर असताना पळता येत नाही. ती चालली. कळशी खाली ठेवावी हे तिला सुचलं नाही. पाणी डचमळून पाठीवर उतरत होतं. मोठ्या तळ्याची फळी पूर्ण उचललेली होती आणि कच्चं, न आटलेलं पाणी पाटाने धो धो आत येत होतं. सासरा त्यात पोटऱ्यांपर्यंत उभा होता. पांढरा थर फुटून त्याच्या बोटांमधून काळा चिखल वर येत होता. तो घाई करत नव्हता. कोपऱ्यातून सुरुवात करून, पावलाला पाऊल लावून, मधे जागा न सोडता तो सगळं नीट पुरं करत आणत होता.

साहेब तिच्याआधी पोचला. तरुण होता, आपल्यातलाच दिसत होता, नाक उन्हाने सोललं होतं. त्याने बूट काढून हातात घेतले होते.

"काका, काय करताय हे?"

सासऱ्याने हात जोडले. पाय अजून हलत होते. "काही नाही, साहेब. जास्तीचं काही नाही. बघून घ्या."

"जास्तीचं म्हणजे?"

"होतच नाही इथे. जमीन खराब."

सून बांधावर पोचली. कळशी आता कुठे तिने खाली ठेवली. "साहेब, इथे थर होता. सकाळपर्यंत होता. काडी उभी राहत होती."

साहेबाने वाफ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "खरं असेल," तो म्हणाला. मग विजार दुमडून आत उतरला, ठिकठिकाणी पट्टी खोचली आणि दर वेळी पट्टीला लागलेला काळा राडा पाण्यात धुतला. वाफ्याचा एकही कोपरा त्याने सोडला नाही.

"आठ दिवस द्या," ती म्हणाली. "पुन्हा करून दाखवते."

"ताई, पावसाच्या आत मला दोन किनारे बघून कळवायचंय. पुढच्या आठवड्यात मी खाडीपलीकडे असेन."

"मग काठाला बघा की. पांढरी रेघ दिसतेय, तिथवर होता."

"रेघ दिसतेय. पण तुमची रेघ धरली तर मला सगळ्यांच्या रेघा धराव्या लागतील. मग मोजायचं कशाला, घरी बसूनच ठरवता आलं असतं." तो वाईट बोलला नाही. ज्याला आपलं काम नीट करायचं आहे असा माणूस बोलेल तसंच बोलला. निघताना तो सासऱ्यापाशी थांबला. "काका, आता आपलंच सरकार आहे."

"हो, साहेब."

"मग घाबरता कशाला?"

सासऱ्याने उजवीकडून मान वळवून शिपायाकडे पाहिलं. शिपाई विशीतला पोरगा होता. काठी काखेत धरून तो घाम पुसत होता. "नाही, घाबरत नाही," सासरा म्हणाला. तेव्हा कुठे त्याचे पाय थांबले.

सुनेने तांब्या भरून साहेबाला पाणी दिलं. तो प्यायला, 'गोड आहे' म्हणाला, आणि पुढच्या बांधाला लागला.

त्या संध्याकाळी घरात कुणी कुणाला दोष दिला नाही. नवऱ्याने फळी बसवली. सासरा जेवला नाही, पण पाय धुवायला मात्र फार वेळ लावला. सुनेच्या मनात बोलायचं पुष्कळ होतं. ती त्याच्यासमोर तेलाची वाटी ठेवून आत निघून गेली.

पावसाआधी मुकादम पुन्हा आला. या वेळी रुमाल डोक्यावरच होता. पंप खाडीपलीकडे जाणार होते.

"आपला सगळा किनाराच कमी भरला," तो म्हणाला. "एकाचा नाही, सगळ्यांचा."

काकू आपल्या पायांकडे बघत राहिली. पलीकडचा म्हातारा म्हणाला, "मी तर दोनच टोपल्या काढल्या होत्या." मग त्याच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने बोललो. पण त्यालाही कुणी काही म्हटलं नाही. एकमेकांना बोल लावायचा तर सुरुवात कुठून करणार?

नवरा खडी फोडायला जाऊ लागला. मिठाने माणसाची कातडी चिरते, दगडाने नखं जातात, एवढाच फरक त्याला सांगता आला. सून तिथेच खडीच्या पाट्या वाहायला जाई. आगरात पावसाचं पाणी भरलं, बांध ठिकठिकाणी बसले. कोळसा काही आला नाही. बंदराचं काम योजनेत होतं, आणि योजनेत ते पुढच्या कुठल्यातरी वर्षात होतं.

हिवाळा सरताना सासऱ्याला नोकरी लागली. रिकाम्या आगरांना राखणदार हवा होता आणि मुकादमाने त्याचं नाव सुचवलं. "अनुभवी माणूस आहे," तो म्हणाला. कपडे मिळाले. सदऱ्याचे खांदे कोपरापर्यंत येत होते.

"काय राखायचं तिथे?" नवऱ्याने विचारलं.

"भरतीचं पाणी फुटक्या बांधांतून शिरतं. ऊन लागलं की मीठ धरतं आपसूक," सासरा म्हणाला. "ते कुणी उचलायचं नाही. पलीकडचं नवं मीठ खपलं पाहिजे. शिवाय हे मातकट, खाऊन कुणी आजारी पडलं तर नाव सरकारचं."

"मग त्याचं करायचं काय?"

सासऱ्याने बाहीची घडी वर सारली. "तुडवायचं," तो म्हणाला. मग म्हणाला, "रोज बरा आहे."

नवरा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला आणि सुनेला पाणी द्यावं लागलं.

उन्हाळा भरात आला तेव्हा एकदा घरातलं मीठ संपलं. दुकानात खाडीपलीकडचं मीठ आलं होतं, बारीक, पांढरं, छापील पुडीत. तिने पुडी हातात घेतली, दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकली आणि पुडी परत ठेवली. कामावरून परतताना ती आगराच्या वाटेने गेली.

त्यांचा शेवटचा वाफा तिला लांबूनच ओळखू आला. तळ उखडला होता. पण सासऱ्याच्या गेल्या वर्षीच्या पावलांचे काही खळगे अजून तसेच होते, आणि प्रत्येक खळग्यात खारं पाणी आटून मीठ धरलं होतं. टाचेपाशी जाड, चवड्याकडे पातळ. ती उकिडवी बसली. एका खळग्यातलं मीठ बोटांनी अलगद सोडवलं, खालचा मातीचा पापुद्रा फुंकून उडवला आणि पदराच्या टोकात टाकलं. मग दुसऱ्यातलं. बरणी भरेल एवढं होतं. काम सोपं होतं आणि तिला बरं वाटत होतं.

काठी वाजली.

तिने मान वर केली. बांधाच्या टोकाला ऊन पाठीवर घेऊन खाकी कपड्यांतला एक माणूस काठी टेकत येत होता. चेहरा दिसत नव्हता. ती उभी राहिली, पदराचं टोक आपोआप सुटलं आणि मीठ चिखलात पडलं. आणि ती त्यावर उभी होती. गुडघा वर आला, खाली गेला. टाच, चवडा. टाच, चवडा. पांढऱ्यातून काळं वर आलं, बोटांमधून.

माणूस जवळ आला. त्याने उजवीकडून मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे.

"थांब," सासरा म्हणाला. "मीच आहे."

ती लगेच थांबली नाही. आणखी दोन-तीन पावलं पडली, मग पाय थांबले. दोघंही खाली बघत होती. सासरा काठीवर भार देऊन वाफ्यात उतरला, वाकला आणि तिने न तुडवलेल्या खळग्यांतलं मीठ वेचू लागला.

"पदर धर," तो म्हणाला.